वीस मिनिटांत ठरणारं मायलेज

नव्या गाडीच्या माहितीपत्रकात मायलेजच्या आकड्यासोबत बहुतेकदा 'एआरएआय' ही अक्षरं असतात. 1966 साली स्थापन झालेली ही वाहन संशोधन संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. आकडा खोटा नसतो, फक्त तो ज्या परिस्थितीत मोजला जातो ती आपल्या वाट्याला क्वचितच येते.

चाचणीत गाडी रस्त्यावर येतच नाही. तिची चाकं मोठ्या रोलरवर फिरतात आणि हवेचा, टायरचा विरोध रोलरवर भार टाकून निर्माण केला जातो. चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. भारतीय चाचणीचक्र 1180 सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. पेट्रोल किती जळलं, हे टाकीत डोकावून ठरवत नाहीत. एक्झॉस्टमधून निघालेला वायू गोळा करून त्यातला कार्बन मोजतात. पेट्रोलमधला कार्बन जळून नाहीसा होत नाही, त्यामुळे वायूवरून जळलेल्या इंधनाचा चोख हिशेब लागतो. ही पद्धत मला फार देखणी वाटते.

पण रोलरला घाट नसतो. माणसं-सामानासह दीड टनाची गाडी खोपोलीहून खंडाळ्याला चढते तेव्हा ती सुमारे अर्धा किलोमीटर उंच उचलली जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, हे धरलं तर नुसत्या त्या उचलण्यालाच पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतं. उतरताना त्यातलं थोडंच वसूल होतं, बाकीचं ब्रेक तापवण्यात जातं. एक्स्प्रेसवेवर वेग 80 वरून 100 वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभं राहिलं, तर इंधन जळतं आणि अंतर शून्य.

युरोपने 2017 पासून जास्त लांब, वेगवान चाचणी आणली. तरीही प्रत्यक्ष गाड्यांमधून गोळा केलेल्या नोंदींत पेट्रोल-डिझेल गाड्यांचा इंधनवापर चाचणीपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त निघाला. अमेरिकेने 2008 च्या मॉडेलांपासून एसी, कडक थंडी आणि भरधाव वेग यांचाही हिशेब आकड्यात धरला.

दोन गाड्यांची तुलना करायला एकसारखी चाचणी हवीच, आणि त्यासाठी आपला आकडा उपयोगी आहे. पण मे महिन्यात नागपुरात एसीशिवाय गाडी कोण चालवतं? माहितीपत्रकात एसी बंद आणि एसी चालू असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत छापले गेले पाहिजेत.