शिंपल्यांची ओळख

समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या दिंद्रुडासारख्या गावी ‘शिंपला’ हा एकच शब्द पुरतो. कोकणातील कोळिणीचे तेवढ्याने भागत नाही. तिसऱ्या, कालवे, शिनाणे अशी नावे तिच्या तोंडी असतात. सुटीत कोकणपट्टीस गेलेली घरची मुले ओंजळभर शिंपले घेऊन येतात. ते ओळखावे कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वेदान्तात शुक्तिरजताचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: चकाकी पाहून शिंपीलाच रुपे समजणे. रंगावरून जात ठरविणाऱ्याचेही तसेच होते, कारण ऊन व लाटा रंग घालवितात. म्हणून प्रथम दोन्ही शकले सारखी आहेत काय, ते पाहावे. कालवाचे एक शकल खडकास घट्ट चिकटून वाढते; त्यामुळे दोन्ही असमान व वेडीवाकडी होतात. शिनाणे लांबट, त्रिकोणी, कडेस हिरवट असून चिवट तंतूंनी खडकास धरून राहतात. तिसऱ्यांची दोन्ही शकले मात्र सारखी असतात.

नंतर आतील बाजू निरखावी. शिंपला मिटणाऱ्या स्नायूंचे वण तेथे दिसतात. कालवात असा मोठा वण एकच. तिसऱ्यांत दोन्ही टोकांस एकेक. तिसऱ्यांत कडेने जाणारी एक बारीक रेषा एका बाजूस आत वळलेली आढळते. वाळूत पुरलेला हा प्राणी ज्या नळ्यांनी पाणी आत-बाहेर करतो, त्या आखडून घेण्याची ती जागा. याप्रमाणे रिकाम्या कवचावरूनही प्राणी कसा राहत होता, हे वाचता येते.

एक शिंपला मात्र विशेष जपून ओळखावा. तळहाताएवढा, चपटा, अभ्रकासारखा अर्धपारदर्शक. आत बिजागरीपाशी चिमट्यासारखे दोन उंचवटे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी हाच बसवीत. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि २००१ साली भारत सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत त्याचा समावेश केला. तो ओळखता आला नाही, तर निष्पाप हौसही कायद्याच्या आड येऊ शकते. तेव्हा मुलांस सांगावे: जिवंत शिंपला उचलू नये, आणि रिकामाही ओळखल्यावाचून पिशवीत घालू नये. संग्रह थोडा झाला तरी चालेल, तो डोळसपणे झालेला असावा.