एकदाच दाखवलेला सिनेमा

कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं. पण फारसं कुणी नावही न ऐकलेले टीव्हीवरचे जुने गुन्हेपट जमवणारी मंडळी? अमेरिकेत अशी हौशी माणसं आहेत बरं का!

थिएटरसाठी नव्हे, खास टीव्हीसाठी काढलेले हे सिनेमे. एबीसी वाहिनीनं १९६९ मध्ये 'मूव्ही ऑफ द वीक' सुरू केलं. दीड तासातून जाहिराती वजा जाता सिनेमा उरायचा जेमतेम सव्वा तासाचा. पैसा बेताचा, शूटिंग झटपट. मग गुन्हा घडायचा कुठे? बऱ्याचदा घरातच! जिना, टेलिफोन आणि एकटी बाई.

यातूनच चारचौघांत न बोलले जाणारे विषय थेट दिवाणखान्यात आले. १९७४ च्या 'अ केस ऑफ रेप'मध्ये एलिझाबेथ माँटगोमेरी अत्याचार झालेली गृहिणी झाली. पोलीस, डॉक्टर, कोर्ट, सगळीकडे तिलाच प्रश्न. आणि शेवटी आरोपी सुटतो. १९८४ चा 'द बर्निंग बेड' तर सत्यकथा. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या फ्रान्सिन ह्यूजनं १९७७ मध्ये नवरा झोपलेला असताना बिछाना पेटवला. घटस्फोट होऊनही तो तिच्याच घरात राहत होता. तिची मनःस्थिती त्या वेळी ठिकाणावर नव्हती, असं म्हणून ज्युरींनी तिला सोडलं.

ही नावं तरी टिकली. बाकीचे कितीतरी सिनेमे एक-दोनदा दाखवले आणि कपाटात गेले. 'हॅलोविन'वाल्या जॉन कार्पेंटरचा 'समवन्स वॉचिंग मी' घ्या. एकट्या तरुणीला फोनवरून छळणारा अनोळखी माणूस, आणि 'त्यानं अजून गुन्हा कुठे केलाय?' म्हणणारे पोलीस. १९७८ चा हा सिनेमा डीव्हीडीवर यायला २००७ उजाडलं! काही तर कधीच आले नाहीत. कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर टेप केले, म्हणूनच ते उरले. म्हणून तर संग्राहक मुंग्या आलेलं चित्र आणि मधल्या साबणाच्या जाहिरातींसकट ती कॅसेट जपतात. बायकांची भीती कुणीतरी गंभीरपणे ऐकून घेतली होती, याचा तोच एक पुरावा.

आपल्याकडेही लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी उरलेल्या जागेत दूरदर्शनवरचं काहीबाही टेप केलेलं असायचं. तेव्हा मैत्रिणींनो, माळा आवरताना जुनी कॅसेट भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा. बुरशी धरली की मग ती वाचवणं अवघड होतं.