रोपांना उन्हाची सवय

वर्गाच्या खिडकीत वाढविलेली वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे टवटवीत दिसली, तरी त्यांचे खोड कोवळे व पानांवरील मेणासारखा थर पातळ असतो. माहुलसारख्या खाडीकाठच्या वस्तीत ती एकदम वाफ्यात लावल्यास भर उन्हात व खाऱ्या वाऱ्यात माना टाकतात आणि मुलांचे महिन्याचे श्रम वाया जातात. म्हणून लावणीपूर्वी ७ ते १० दिवस रोपे काटक करावीत. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर द्यावे. पुढे रोज थोडे वाढवावे. पाणी बेताने घालावे, परंतु रोपे सुकू देऊ नयेत. लावणी सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. रोजची नोंद मुलांकडूनच ठेवून घ्यावी. संगोपनाला लागणारा धीर त्यांना त्यातूनच उमगेल.