एअर फिल्टरमध्ये तेल दिसले म्हणून इंजिन खोलू नका

आम्ही कापडवाले, मोटारसायकलवर गाठोडी लादून बाजार करणारे. एअर फिल्टरच्या डब्यात तेल दिसले की गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन खोलावे लागेल." तेवढ्या पैशांत आमच्याकडे सणाचा माल येतो. तेव्हा अगोदर तेल मोजावे.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन रिंगजवळून थोडा गॅस खाली उतरतोच. तो ब्रीदर पाइपने फिल्टरच्या डब्यात जातो आणि सोबत तेलाचे बारीक कण नेतो. तेल जादा भरले असेल तर फारच नेतो. 'भर घातलेली बरी' ही आपल्या लोकांची सवय! इंजिन थोडे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटांनी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घेऊन पाहावे. स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवायची असते. वरच्या खुणेपेक्षा जास्त असलेले तेल काढावे. डब्याखालच्या नळीचे बूच काढून साचलेले सोडावे. कागदी फिल्टर तेलाने भिजला असेल तर नवाच घालावा.

ब्रीदर पाइपला बूच मारण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. आत दाब वाढून ऑइल सील गळू लागतात.

निळा धूर, तेल वारंवार कमी होणे, चढावर ओढ नसणे, ही रिंगा झिजल्याची लक्षणे. तरीही आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, मगच इंजिनाला पाना लावू द्यावा.