रेटा पुढे किती पोहोचतो?

रत्नागिरी शहरालगतचे मिरजोळे हे गाव जांभ्याच्या सड्यावर वसलेले आहे. आंब्याच्या हंगामात या भागात हापूसच्या पेट्या हलविण्याचे काम घरोघर चालते. एखादा मुलगा दोन पेट्या एकीला एक टेकवितो आणि मागच्या पेटीस हात लावून दोन्ही एकदम पुढे सरकवितो. पुढच्या पेटीस त्याचा हात लागलेला नसतो. तरीही ती सरकते. तिला कोण ढकलते, आणि किती बलाने? हा प्रश्न वर्गात विचारल्यास बहुधा उत्तर येते, ‘हाताचा जोर मागच्या पेटीतून पुढे जातो.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. जोर पुढे जातो, पण सगळा जात नाही. किती जातो, हे नेमके काढता येते.

नियमांची उजळणी

न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचे तीन नियम सांगितले. त्यांपैकी दोन येथे लागतात. दुसऱ्या नियमानुसार वस्तूवरील एकूण बल हे तिचे वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराइतके असते. तिसऱ्या नियमानुसार एक वस्तू दुसरीस जितक्या बलाने ढकलते, तितक्याच बलाने दुसरी पहिलीस उलट दिशेने ढकलते. हा नियम समजावताना न्यूटनने बोटाने दगड दाबण्याचे उदाहरण दिले आहे. मुलांनी जांभ्याच्या चिऱ्यावर बोट दाबून पाहावे. चिरा जागचा हलत नाही, परंतु बोटाचे टोक चेपते. चिऱ्याने बोटास उलट दाबल्याचा तो पुरावा होय.

पेट्यांचा हिशेब

मागची पेटी 6 किलोग्रॅमची, पुढची 2 किलोग्रॅमची आणि हाताचे बल 16 न्यूटन आहे असे मानावे. प्रथम घर्षण नाही असे समजावे. दोन्ही पेट्या एकत्र सरकतात, म्हणून त्यांचे त्वरण एकच असते. एकूण वस्तुमान 8 किलोग्रॅम. त्वरण 16 भागिले 8, म्हणजे दर सेकंदास 2 मीटर प्रतिसेकंद.

आता पुढची पेटी मनाने वेगळी काढावी. तिला ढकलणारी वस्तू एकच, ती म्हणजे मागची पेटी. 2 किलोग्रॅम वस्तुमानास 2 इतके त्वरण देण्यास 4 न्यूटन बल लागते. तेव्हा दोन पेट्यांमधील स्पर्शबल 4 न्यूटन होय, 16 नव्हे. उरलेल्या 12 न्यूटनांचे काय झाले? मागच्या पेटीवर हाताचे 16 न्यूटन पुढच्या दिशेने आणि पुढच्या पेटीचे 4 न्यूटन उलट दिशेने लागू आहेत. वजाबाकी 12 न्यूटन, आणि 6 किलोग्रॅमला 2 इतके त्वरण देण्यास नेमके तितकेच बल हवे. हिशेब पुरा जुळला.

मग मुलाने दुसऱ्या टोकास जाऊन, तेवढ्याच बलाने हलकी पेटी ढकलावी. त्वरण तेच राहील. परंतु आता पुढे असलेल्या जड पेटीस 12 न्यूटन लागतील. हात तोच, पेट्या त्याच, तरी स्पर्शबल तिप्पट झाले. यातून नियम निघतो तो असा: सांध्यावरील स्पर्शबल हे सांध्याच्या पुढे जेवढे वस्तुमान असेल, तेवढ्याच्या गरजेइतके असते. प्रत्येक वस्तू आपल्या वाट्याचे बल ठेवून घेते व उरलेलेच पुढे देते.

वर्गातील प्रयोग

प्रत्यक्षात जमीन घर्षण करतेच. पेट्यांचे तळ सारख्याच लाकडाचे असतील, तर घर्षणही वजनाच्या प्रमाणात वाटले जाते आणि वाटणी बदलत नाही. मात्र पेट्या सरकल्याच नाहीत, तर ही वाटणी लावता येत नाही. कारण सारा रेटा मागच्या पेटीचे घर्षणच अडवून धरू शकते.

पडताळ्यासाठी दोन सारखी खोकी व दोन तानकाटे पुरतात. एका खोक्यात दीड किलो व दुसऱ्यात अर्धा किलो वाळू भरावी. दोन्हींच्या मध्ये एक तानकाटा दोरीने बांधावा व दुसरा पुढे लावून कोब्यावरून संथ, एकसारख्या वेगाने ओढावे. हलके खोके मागे असताना मधला काटा पुढच्या काट्याच्या सुमारे पाव भाग दाखवितो. जड खोके मागे ठेवल्यास सुमारे पाऊण भाग. येथे ढकलण्याऐवजी ओढणे आहे, इतकाच फरक, हिशेब तोच.

घाटातील आगगाडी

रत्नागिरीवरून जाणारी कोकण रेल्वे आखताना चढ 150 मीटरांस 1 मीटर एवढा सौम्य ठेवला आहे. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर मात्र तो 37 मीटरांस 1 मीटर इतका तीव्र आहे. म्हणून कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या अनेक गाड्यांस मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिने जोडतात. 50 टनांचा एक डबा केवळ या चढावर तोलून धरण्यास सुमारे 13,000 न्यूटन बल लागते. असे दहा डबे मागूनच ढकलले, तर सर्वांत पुढच्या सांध्यावर 13,000, तर इंजिनालगतच्या सांध्यावर 1,30,000 न्यूटन बल येईल. पुढचे इंजिन ओढू लागले व मागचे ढकलू लागले, की भार दोन्ही टोकांत वाटला जातो आणि कोणत्याही एका सांध्यास सारा भार सोसावा लागत नाही.

शाळेच्या दाराशी

पेट्या स्वतः रेटा देत नाहीत, माणसे देतात. म्हणून गर्दीत हिशेब उलटतो. शाळा सुटताना दार बंद असेल आणि दाराशी उभ्या मुलामागे रांगेतील दहा मुले प्रत्येकी अवघ्या 50 न्यूटन बलाने रेटत असतील, तर प्रत्येकाचा रेटा पुढच्याच्या रेट्यात मिळत जातो. दाराशी असलेल्या मुलाच्या पाठीवर 500 न्यूटन, म्हणजे सुमारे 50 किलोच्या गोणीचा भार येतो, आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे दारही त्यास छातीवर तितकेच दाबते. मागच्या मुलास हे कळतही नाही. त्याच्या हातास तर थोडाच जोर लागलेला असतो.

शिक्षकांनी हा भाग शिकविताना सूत्र शेवटी सांगावे. प्रथम एकेक वस्तू वेगळी काढून तिला कोण कोण ढकलते हे मुलांकडून म्हणवून घ्यावे, मग बेरीज-वजाबाकी करवावी. दाराच्या उदाहरणानंतर मुलांना रांगेत अंतर ठेवून बाहेर सोडावे. अंतर का ठेवावयाचे, हे ज्यास उमगले आहे, त्यास ते रोज सांगावे लागत नाही.