ना. गोखले यांचीं अंदाजपत्रकावरील भाषणें : लष्करी खर्चाच्या वादाचें एक साधन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, कायदेकौन्सिलांतील भाषण हा इतिहासाचा कागद नव्हे. महजर, करीना, रोजकीर्द, ताळेबंद यांस कागद म्हणावें. छापील भाषण हें वक्तृत्वाचें काम, त्यावर विश्वास तो किती ठेवावा, असा या समजुतीचा आशय. बहुतेक भाषणसंग्रहांपुरती ही शंका रास्तही आहे. परंतु गोपाळ कृष्ण गोखले यांनीं इ. स. १९०२ पासून १९१२ पर्यंत कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर जीं भाषणें केलीं, त्यांची जात निराळी आहे. सरकारी हिशेबाची प्रतिपक्षानें केलेली ती सालोसालची तपासणी आहे. आणि पेशवे दफ्तरांतील अजमास व ताळेबंद एकमेकांशीं ताडून पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांसच ती नीट वाचतां येईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम ज्या सभेंत हीं भाषणें झालीं तिचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. १८९२ च्या कायद्यान्वयें या कौन्सिलांत जादा सभासद फार तर सोळा असत. त्यांपैकीं निवडून येणारे पांच : मद्रास, मुंबई, बंगाल व वायव्य प्रांत येथील कौन्सिलांच्या बिनसरकारी सभासदांनीं पाठविलेले चार, आणि कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाचा एक. सर फिरोजशहा मेहता यांनीं मुंबईची जागा सोडल्यावर तीवर गोखले आले. बहुमत सरकारी अंमलदारांचें. अंदाजपत्रकावर वर्षांतून एकदां, मार्च अखेरीस, बोलावयास मिळे. परंतु ठराव मांडण्याचा अथवा मत देण्याचा अधिकार कोणासही नव्हता. बोलून झालें कीं काम संपलें. गव्हर्नर जनरल अध्यक्षस्थानीं, सेनापति समोर बसलेला, आणि जो खर्च व्हावयाचा तो आधींच ठरलेला, अशा ठिकाणीं विरोध करावयाचा म्हणजे काय करावयाचें ? गोखल्यांनीं याचें उत्तर असें काढलें कीं, सरकारचेच आंकडे सरकारविरुद्ध साक्षीस उभे करावयाचे.

त्यांचें पहिलें अंदाजपत्रकीय भाषण २६ मार्च १९०२ रोजीं झालें. त्या वेळीं देशांत दुष्काळ व प्लेग यांची धग असतां तिजोरींत मात्र शिलकीमागून शिलक पडत होती, आणि सरकार तिच्यावरून देशाची सुस्थिति सिद्ध करीत होतें. गोखल्यांनीं ती शिलक खोडून काढली नाहीं. ती कोठून आली एवढेंच दाखविलें. रुपयाचा भाव पडत होता तेव्हां त्या तुटीच्या नांवानें कर वाढविण्यांत आले. १८८८ सालीं मिठाचा कर मणामागें २ रुपयांवरून २॥ रुपये झाला तो याच सबबीवर. पुढें १८९३ सालीं टांकसाळी बंद करून रुपया १६ पेन्सांपर्यंत चढविला, आणि विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा भार हलका झाला. पण कर जागचे हलले नाहींत. तेव्हां शिलक म्हणजे रयतेजवळून गरजेपेक्षां जास्त घेतलेला पैसा, हा निष्कर्ष श्रोत्यांनींच काढावयाचा राहिला. (हा मण ४० शेरांचा सरकारी मण होय, आपल्या जुन्या कागदांतील मणांशीं त्याची गल्लत करूं नये.)

याच ठिकाणीं लष्कराचा प्रश्न आला. शिलक कमी करावयाची, तर एकतर कर कमी करावा किंवा खर्च वाढवावा. आणि शिलक दिसली कीं पहिला हात लष्कराचा पडे. गोखल्यांचा आक्षेप सैन्य नको असा कधींच नव्हता. ठेवलेलें सैन्य हिंदुस्थानच्या गरजेपुरतें आहे कीं साम्राज्याच्या, आणि साम्राज्याच्या असल्यास पैसा एकट्या हिंदुस्थाननें कां भरावा, हा त्यांचा मुद्दा. त्याला पुरावा त्यांस सरकारनेंच दिला होता. १८९९ त दक्षिण आफ्रिकेंत व १९०० सालीं चीनमध्यें हिंदुस्थानांतून फौजा गेल्या, आणि इतकें सैन्य बाहेर असतांही येथें कांहीं अडलें नाहीं. अर्थात् तितकें सैन्य येथील गरजेपलीकडचें होतें. १९०२ सालीं विलायतेंत गोऱ्या शिपायांचा पगार वाढला, त्याचाही बोजा येथील तिजोरीवर पडला. या बाबतींत खुद्द हिंदुस्थान सरकारनेंही तक्रार केली होती, म्हणून या मुद्यावर गोखल्यांचा सूर इतर मुद्यांहून मोकळा लागतो.

येथें संशोधकांस थोडा सावधगिरीचा इशारा देणें अवश्य आहे. कारण या भाषणांतील आंकडे उतरून घेतांना चुका होण्यास पुष्कळ जागा आहेत. त्या काळच्या हिशेबांत कधीं रुपये, कधीं दहा रुपयांचा कल्पित एकक, व पुढें पंधरा रुपयांस एक या भावानें पौंड, असे तीन प्रकारचे आंकडे आढळतात. एकाच सालाच्याही तीन रकमा असतात : अगोदर अंदाज, वर्ष संपतां संपतां सुधारलेला अंदाज, आणि त्यानंतर प्रत्यक्ष हिशेब. अजमास आणि ताळेबंद यांत जें अंतर, तेंच येथें. शिवाय लष्करी खर्च एका सदरांत सांपडत नाहीं. लष्करी इमारती, विशेष संरक्षणाचीं कामें, सरहद्दीकडील सैनिकी उपयोगाच्या रेल्वे हीं सदरें वेगळीं. गोऱ्या पलटणींच्या शिक्षणापोटीं विलायतेच्या युद्धखात्यास द्यावयाचा दरडोई आकार (१८९० पासून ७॥ पौंड) हा आणखी निराळा. एकानें ढोबळ खर्च धरावा, दुसऱ्यानें जमा वजा जातां निव्वळ धरावा, आणि दोघांनीं एकमेकांस खोटें ठरवावें, असे वाद आम्हीं पाहिले आहेत. गोखले कोणता आंकडा घेत आहेत हें बहुधा सांगून टाकतात. हा त्यांचा गुण वक्तृत्वाहून मोठा मानला पाहिजे.

हे गुण एकट्याचे नव्हते. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलांतील शिक्षक. नोकरीमुळें त्यांनीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत नांव न घालतां लेख लिहिले. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें गोखल्यांनीं साक्ष दिली, त्या तयारींत आणि पुढें अंदाजपत्रकाच्या भाषणांसाठींही जोशांची मदत त्यांस होती. १९०१ च्या जानेवारींत न्या. रानडे वारले, त्यानंतर आंकड्यांच्या बाबतींत गोखल्यांस विश्वासाचा असा जोशांसारखा दुसरा माणूस क्वचितच उरला. जोशांचे लेख १९१२ सालीं पुण्यास ग्रंथरूपानें निघाले. तो ग्रंथ शेजारीं ठेवून गोखल्यांचीं भाषणें वाचलीं तर एकाची टांचणी दुसऱ्याच्या वाक्यांत जागजागीं लागते.

वादाचा भर १९०४ ते १९०८ या सालांत आहे. लॉर्ड किचनेर १९०२ च्या अखेरीस सेनापति होऊन आले व त्यांनीं नऊ डिव्हिजनें रणांगणावर उभीं राहतील अशी सैन्याची नवी मांडणी हातीं घेतली. तिचें समर्थन म्हणजे वायव्येकडून रशिया. गोखल्यांनीं हा रशियाच तपासावयास घेतला. परराष्ट्रीय राजकारणावर बोलण्याचा अधिकार त्या सभेस नव्हता, पण खर्चाचें कारण विचारण्यास कोण अडविणार ? १९०५ सालीं जपाननें रशियाचा पराभव केला, आणि त्याच वर्षीं इंग्रज व जपान यांचा तह नव्यानें झाला. तेव्हां १९०६ च्या भाषणांत गोखल्यांनीं विचारलें तें एवढेंच कीं, भीति कमी झाली असतां भीतीवरचा खर्च कसा वाढतो. जपानचा दाखला त्यांनीं दुसऱ्याही अंगानें दिला : थोड्या स्थायी फौजेमागें मोठी राखीव फौज ठेवल्यानें त्या देशास थोडक्यांत संरक्षण मिळतें. हिंदुस्थानांत मात्र लोक निःशस्त्र, राखीव फौज नांवापुरती, आणि सुभेदार-मेजराच्या वर देशी माणसास वाट नाहीं. १९०७ च्या ऑगस्टांत इंग्लंड व रशिया यांचाही करार झाला, व गोखल्यांचा पक्ष आणखी बळकट झाला.

यश किती आलें ? मिठाच्या करापुरतें सांगतां येतें. १९०३ सालीं तो २ रुपये, १९०५ सालीं १॥, व १९०७ सालीं १ रुपया झाला. १९०३ सालींच आयकराची किमान मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. या दोन्ही मागण्या गोखल्यांच्या पहिल्या भाषणांत आहेत. तरी हें सर्व त्यांच्याच शब्दानें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. शिलक होती, १९०३ च्या जानेवारींत दिल्लीदरबार झाला होता, आणि सरकारासही कांहीं सवलत जाहीर करावयाची होती. लष्कराच्या बाबतींत मात्र त्यांचें म्हणणें ऐकिलें गेलें असें दिसत नाहीं. जो पैसा त्यांनीं प्राथमिक शिक्षणास व शहरांच्या आरोग्यास मागितला, त्याचा मोठा वांटा सैन्याकडेच गेला. मोऱ्या, पाणी, दाट वस्ती यांचे हाल त्यांस ऐकीव नव्हते. पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीं काम केलें होतें, आणि १८९६ नंतरचा प्लेग पुण्यानें पाहिला होता.

१९०९ च्या कायद्यानें ठराव मांडण्याचा हक्क आला. पण नियमांत मेख होती. परराष्ट्रांशीं अथवा देशी संस्थानांशीं सरकारचे जे संबंध त्यांवर ठराव चालत नसे, आणि अंदाजपत्रकांतील लष्कराचें सदर ठरावाबाहेर राखलें होतें. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर बोलण्याची गरज त्याच दोन गोष्टींस कुलूप. गोखल्यांनीं १९११ च्या जानेवारींत एकंदर सरकारी खर्चाच्या वाढीची चौकशी व्हावी असा ठराव आणिला. १९१२ सालीं फील्डमार्शल निकल्सन यांची लष्करी कमिटी नेमली गेली. परंतु एकामागून दुसरें झालें म्हणून त्यांत कार्यकारणभाव जोडण्याची घाई करूं नये.

नाताळचें मात्र निराळें. ती ब्रिटिश साम्राज्यांतीलच वसाहत, तेव्हां परराष्ट्राचा नियम तेथें लागूं पडला नाहीं. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं गोखल्यांनीं नाताळसाठीं करारबंद मजूर भरती करण्यास मनाई व्हावी असा ठराव मांडला. सरकारनें तो मान्य केला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजीं सर्वच वसाहतींकडील करारबंद मजुरी बंद करण्याचा त्यांचा ठराव पडला. तीच गोष्ट १९१६ सालीं पं. मालवीय यांच्या ठरावावर तत्त्वतः कबूल झाली, तेव्हां गोखले वारून वर्ष लोटलें होतें. या दहा वर्षांच्या कामांत स्पष्टपणें त्यांचा म्हणून दाखवितां येईल असा विजय हाच, आणि तो साम्राज्याच्या दाराआड सांपडलेला.

भाषणांच्या छापील संग्रहांविषयीं दोन शब्द. मद्रासच्या नटेसन यांची आवृत्ति १९०८ सालीं निघाली, म्हणजे शेवटच्या वर्षांचीं भाषणें तींत असणें शक्य नाहीं. १९६२ ते १९६७ या सालांत निघालेले तीन खंड विषयवार लाविलेले आहेत. लष्कराविषयीं शोधणारा राजकीय खंड उघडतो आणि रिकाम्या हातानें परततो. कारण अंदाजपत्रकावरील भाषणें आर्थिक खंडांत आहेत. शिवाय संग्रहांत फक्त गोखले बोलतात, त्यांस उत्तर देणारा अर्थसचिव अथवा सेनापति बोलत नाहीं. एका बाजूचेंच पत्र हातीं असतां निवाडा करूं नये हा आपल्या मंडळींचा नेम. तो येथेंही पाळावा व कौन्सिलाच्या कामकाजाचे मूळ वृत्तांत पाहावे. गोखल्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत.

जोशांच्या हातचीं टिपणें, आंकड्यांचे कोष्टक अथवा त्या दोघांचीं पत्रें कोणा संग्राहकाच्या रुमालांत असल्यास त्यांनीं त्यांची नक्कल आम्हांकडे पाठवावी. मूळ कागद पाठविण्याचें कारण नाहीं. सालाचा व स्थळाचा उल्लेख मात्र नकलेवर जसाच्या तसा असावा, आणि आंकडे पौंडांचे कीं रुपयांचे, हें मूळांत लिहिलें नसल्यास आपल्या तर्कानें घालूं नये.