फाइलमध्ये नसलेली नोंद

खडवली हे कसारा मार्गावरील, भातसा नदीकाठचे छोटे स्थानक. येथील कर्करुग्णाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात केमोथेरपीसाठी जावयाचे तर पहाटेची लोकल धरावी लागते. हाती फुगलेली फाइल असते. अहवाल, बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, सारे क्रमवार लावलेले. मात्र रुग्णाला रात्री झोप का लागत नाही, याची नोंद तीत क्वचितच आढळते.

व्यापारी कुटुंबात ही नोंद आणखीच दडपली जाते. ‘वडिलांना आजाराचे नाव सांगू नका,’ असे मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून विनवतो. वडील सारे ओळखून असतात; पण मुलाच्या समाधानासाठी अजाणतेपणाचा आव आणतात. एकाच घरात दोघेही एकटे. त्यातच येणे कोण वसूल करील, बाजारात बातमी फुटल्यास माल उधारीवर मिळेल काय, मुलीचे लग्न अडेल काय, या चिंता. पूर्वकर्माचा भोग म्हणून स्वतःस दोष देणारेही थोडे नाहीत. कर्मसिद्धान्त पुरुषार्थही शिकवतो, हे त्या वेळी आठवत नाही.

वैद्यकानेही या व्यथेकडे उशिराच पाहिले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात डॉ. जिमी हॉलंड यांनी 1977 पासून कर्करुग्णांच्या मानसोपचाराचे कार्य उभारले. ताप मोजावा तसा मनस्तापही 0 ते 10 अंकांत रुग्णाकडूनच मोजून घेण्याची पद्धत पुढे रूढ झाली. 4 वा अधिक अंक आल्यास सखोल विचारपूस करावी, असा संकेत आहे. आकड्यांत मुरलेल्या घरांना ही रीत पटावयास हरकत नसावी.

मानसोपचाराने आयुष्य वाढते काय? डॉ. डेव्हिड स्पीगेल यांच्या 1989 च्या अभ्यासाने, स्तनाच्या कर्करोगाबाबत, तशी आशा दाखविली होती. 2001 मधील कॅनडातील मोठ्या अभ्यासात ती टिकली नाही. मनःस्थिती सुधारते व वेदना कमी जाणवते, हे मात्र त्यातही दिसले. म्हणून गाठ विरघळविण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. रुग्णालयाचा वास येताच, सुई टोचण्याआधीच उमळून येणाऱ्या रुग्णास श्वसन व शिथिलीकरणाच्या सरावाने आराम मिळू शकतो. हा लाभ लहान नव्हे.

शहरापर्यंतचा प्रवास न झेपणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही निःशुल्क सेवा 2022 पासून अहोरात्र सुरू आहे. क्रमांक 14416. मराठीतून बोलता येते, आणि पहिला फोन मुलानेच केला तरी चालतो.